कोलनच्या अलीकडे आणि पलीकडे: मॅजिकमध्ये ॲक्टिव्हेटेड ॲबिलिटी नेमकी कशी रिझॉल्व्ह होते

मागच्या रविवारी पावसामुळे कुठे बाहेर पडायचं नव्हतं, म्हणून भाच्याला घेऊन जेवणाच्या टेबलावर मॅजिक द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ मांडला. त्याच्याकडे प्रॉडिगल सॉर्सरर ही क्रीचर होती, जुने खेळाडू ज्याला टिम म्हणतात तो, निळा, १/१ (पहिला आकडा मारायची ताकद, दुसरा सोसायची), आणि काम एकच, टॅप करायचा, म्हणजे कार्ड आडवं करायचं, आणि कुणालाही १ डॅमेज द्यायचं. माझ्यासमोर लॅनोवार एल्व्ह्ज, तोही १/१. भाच्याने टिम आडवा केला आणि म्हणाला, "मामा, तुझा एल्फ गेला." मी म्हटलं थांब, आणि एक लाल मॅना (कार्डं खेळायला लागणारी ऊर्जा, बहुतेक जमिनीच्या कार्डांतून मिळते ती) देऊन टिमवर लायटनिंग बोल्ट हा स्पेल मारला, ३ डॅमेज. टिम मेला. भाच्याने कार्ड उचलून ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे बाद कार्डांच्या ढिगात, ठेवलं आणि तोंड पाडून म्हणाला, "म्हणजे वाचला तुझा एल्फ." मी म्हटलं नाही रे, एल्फ पण मेला, हा बघ उचलतोय. त्याला काही पटेना. "मारणाराच मेला तर मारणार कोण?"

प्रश्न अगदी रास्त आहे. नवीन खेळणारा प्रत्येक जण इथे एकदा अडतोच, आणि बरेच जण चार-चार वर्षं चुकीचं खेळत राहतात कारण समोरचाही तसाच शिकलेला असतो. म्हणून जे त्याला टेबलावर बसून सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतोय.

सगळ्यात आधी कार्डावर कोलन शोधा, दोन टिंबांचं ते चिन्ह. मॅजिकमध्ये ॲक्टिव्हेटेड ॲबिलिटी ओळखायची खूण तीच, कोलनच्या डावीकडे लिहिलेलं असतं ते तुम्ही द्यायचं, म्हणजे कॉस्ट, आणि उजवीकडे असतं ते तुम्हाला मिळायचं, म्हणजे इफेक्ट. टिमच्या कार्डावर डावीकडे फक्त टॅपचं चिन्ह आहे आणि उजवीकडे १ डॅमेज. "जेव्हा", "जेव्हा जेव्हा", "अमुक वेळी" अशा शब्दांनी सुरू होणारी वाक्यं म्हणजे ट्रिगर्ड ॲबिलिटी, त्या आपोआप होतात, त्यांचा विषय वेगळा. काही कीवर्डमध्ये कोलन लपलेला असतो, इक्विप आणि सायकलिंग ही दोन नेहमीची उदाहरणं, तिथे कंसातला बारीक मजकूर वाचला की कोलन दिसतो. प्लेन्सवॉकर जातीच्या कार्डांवरच्या अधिक-उणे आकड्यांपुढेही कोलन असतोच, लॉयल्टी काउंटर (कार्डावर ठेवायच्या खुणा) चढवणं किंवा उतरवणं हीच तिथली कॉस्ट.

आता मुद्द्याची गोष्ट. डावीकडचं आत्ता होतं, उजवीकडचं नंतर. या दोनांच्या मध्ये एक फट असते, आणि खेळातली निम्मी मजा आणि निम्मी भांडणं त्या फटीतच होतात.

ॲबिलिटी ॲक्टिव्हेट करताना क्रम असा की आधी तुम्ही सांगता की ही ॲबिलिटी वापरतोय, मग कॉस्टमध्ये एक्स असेल तर एक्सचा आकडा सांगता, टार्गेट लागत असेल तर टार्गेट निवडता, आणि मग कॉस्ट भरता. टार्गेट आधी आणि पैसे नंतर, हे लक्षात ठेवा, कारण खूप जण आधी टॅप करतात आणि मग "अं... कुणाला मारू" असा विचार करत बसतात, घरी चालून जातं पण नियमाने आधी सांगायचं. ॲबिलिटी सांगितली की ती स्टॅकवर जाऊन बसते, आणि कॉस्ट भरून झाली की ॲक्टिव्हेट झाली. आणि हे सगळं होत असताना मध्येच कुणालाही काही करता येत नाही. म्हणजे तुम्ही टिम टॅप करताय आणि समोरचा म्हणाला की टॅप व्हायच्या आत मी त्याला मारतो, तर नाही, तशी संधीच नसते, तुम्ही टॅप करतो म्हणालात तेव्हा तो टॅप झालेला असतो.

स्टॅक म्हणजे पोळ्यांची चवड. जी शेवटी टाकली ती वर, आणि खायला घेताना वरचीच आधी घ्यायची. १९९९ साली सहाव्या एडिशनच्या नियमांबरोबर हा स्टॅक आला, त्याआधीची १९९३ पासूनची पद्धत फारच किचकट होती, त्यामुळे अगदी जुन्या काळात खेळलेला कुणी भेटला आणि काहीतरी वेगळंच सांगायला लागला तर त्याला खोटं पाडू नका, त्याच्या काळी तसं असेलही.

भाच्याच्या आणि माझ्या डावात चवडीत खाली टिमची ॲबिलिटी होती, तिच्यावर माझा बोल्ट. वरचा बोल्ट आधी रिझॉल्व्ह झाला, म्हणजे त्याचा परिणाम झाला, टिम मेला. मग खालची ॲबिलिटी, ती तशीच बसलेली, तिला टिमची आता गरज नाही. पत्र एकदा पेटीत पडलं की लिहिणारा घरी आहे का गावाला गेलाय याच्याशी पोस्टमनला देणंघेणं नसतं, पत्र पत्त्यावर पोचतंच. नियमांच्या भाषेत सांगायचं तर स्टॅकवर गेलेली ॲबिलिटी तिच्या सोर्सपासून, म्हणजे ती ज्या कार्डाची त्या कार्डापासून, स्वतंत्र असते, सोर्स मेला, हातात परत गेला, एक्झाइल झाला म्हणजे खेळातूनच बाहेर गेला, कशानेही तिला फरक पडत नाही. माझ्या एल्फला १ डॅमेज मिळालं आणि तो गेला.

मग मी का मारला बोल्ट, असं भाच्याने विचारलंच. कारण टिम पुढच्या प्रत्येक टर्नला एकेक डॅमेज देत बसला असता. तेव्हाचा एल्फ वाचवायला नाही, पुढचे एल्फ वाचवायला. मारायचाच होता तर टिम पहिल्यांदा टॅप व्हायच्या आधी, तो आला त्याच टर्नमध्ये मारायला हवा होता, कारण टॅपचं चिन्ह कॉस्टमध्ये असलेली क्रीचरची ॲबिलिटी ती क्रीचर तुमच्या टर्नच्या सुरुवातीपासून तुमच्याकडे असेल तरच वापरता येते, हेस्ट, म्हणजे ही वाट बघायला न लावणारी क्षमता, असेल तर गोष्ट वेगळी. ही जी एका फेरीची उसंत मिळते ना, तीच अशी कार्डं मारायची खरी वेळ. आणि कॉस्टमध्ये टॅपचं चिन्हच नसेल तर ही उसंतही नाही, हे पुढे येतंय.

दुसऱ्या डावात परत तसंच झालं. टिमने एल्फला टार्गेट केलं. या वेळी माझ्याकडे सगळ्या जमिनी टॅप झालेल्या, हातात एक जायंट ग्रोथ, एका हिरव्या मॅनाचा, क्रीचरला टर्न संपेपर्यंत +३/+३. भाच्याला वाटलं मामाकडे मॅना नाही. मी एल्फला टॅप केलं, एक हिरवा मॅना घेतला, आणि त्याच मॅनाने जायंट ग्रोथ त्याच एल्फवर टाकला. एल्फ ४/४ झाला, मग टिमचं १ डॅमेज आलं, एल्फ जागेवर. भाचा बघतच राहिला. मला मॅजिकमधल्या ह्या अशा जागा खूप आवडतात, कार्डं दोन्ही साधी, पण वेळ कळली पाहिजे.

इथे एक गोष्ट बघा. एल्फच्या कार्डावरही कोलन आहे, टॅप करा आणि एक हिरवा मॅना घ्या. मग ती ॲबिलिटी स्टॅकवर का नाही बसली? कारण ती मॅना ॲबिलिटी. जिला टार्गेट नाही, जी मॅना देऊ शकते आणि जी प्लेन्सवॉकरची लॉयल्टी ॲबिलिटी नाही, ती मॅना ॲबिलिटी, ती स्टॅकवर जात नाही, लगेच रिझॉल्व्ह होते आणि तिला कुणी रिस्पॉन्स, म्हणजे ती रिझॉल्व्ह व्हायच्या आत उत्तर, देऊ शकत नाही. समोरच्याने जमीन टॅप केली की "रिस्पॉन्समध्ये मी तुझी जमीन फोडतो म्हणजे तुला मॅना मिळणार नाही" असं म्हणणारे भेटतात, त्यांना शांतपणे हे सांगा. तीन अटींतली एक जरी चुकली तरी ॲबिलिटी नेहमीसारखी स्टॅकवर जाते. डेथराइट शामनची पहिली ॲबिलिटी बघा, कुठल्याही ग्रेव्हयार्डमधलं एक जमिनीचं कार्ड टार्गेट करून एक्झाइल करा आणि कुठल्याही रंगाचा एक मॅना घ्या. मॅना देते खरी, पण टार्गेट आहे, म्हणजे मॅना ॲबिलिटी नाही, म्हणजे समोरचा त्याच्या डेथराइटने तेच जमिनीचं कार्ड आधी उचलून तुम्हाला कोरडं ठेवू शकतो. आणि फेच लँड, पोल्यूटेड डेल्टासारख्या जमिनी, टॅप करा, १ लाइफ द्या, हीच जमीन सॅक्रिफाइस करा आणि डेकमधून आयलंड किंवा स्वॉम्प शोधून आणा, त्यासुद्धा मॅना ॲबिलिटी नाहीत कारण त्या मॅना देत नाहीत, जमीन देतात. त्या स्टॅकवर बसतात. याचं महत्त्व खाली स्टायफलपाशी कळेल.

मॅनाबद्दल अजून एक, मॅना साठवून राहत नाही, स्टेप किंवा फेज संपली की न वापरलेला मॅना जातो, त्यामुळे एल्फ मरणारच आहे तर मॅना काढून ठेवू आणि पुढच्या टर्नला वापरू असं होत नाही.

आता कॉस्टमध्ये सॅक्रिफाइस असतं ती कार्डं, मला वाटतं ही समजली की बाकी सगळं आपोआप समजतं. मॉग फॅनॅटिक, एका लाल मॅनाचा गॉब्लिन, १/१, कोलनच्या डावीकडे "मॉग फॅनॅटिक सॅक्रिफाइस करा", उजवीकडे कुणालाही १ डॅमेज. टॅपचं चिन्ह नाही, म्हणजे आल्या आल्या वापरता येतो, ती एका फेरीची उसंत इथे मिळत नाही. समजा समोरच्याने फॅनॅटिकवर बोल्ट मारला. तुम्ही रिस्पॉन्समध्ये फॅनॅटिक सॅक, म्हणजे सॅक्रिफाइस, केला, तो कॉस्ट म्हणून त्याच क्षणी गेला, त्याची ॲबिलिटी बोल्टच्या वर बसली, आधी रिझॉल्व्ह झाली, समोरच्या कुठल्यातरी १/१ ला मारून गेली. मग बोल्टची पाळी, पण बोल्टचं टार्गेटच नाही आता, बोल्ट काही न करता ग्रेव्हयार्डमध्ये. समोरच्याचं एक कार्ड वाया आणि वर एक क्रीचर गेली. उलट तुम्ही स्वतःहून फॅनॅटिक सॅक केला तर समोरचा "रिस्पॉन्समध्ये मी त्याला मारतो" म्हणूच शकत नाही, मारायला तो टेबलावर आहेच कुठे.

कॉस्टचा दुसरा नियम, एकच वस्तू दोन कॉस्टसाठी देता येत नाही. तुमच्याकडे व्हिसेरा सिअर आहे, जो एक क्रीचर सॅक करून स्क्राय १ देतो (डेकमधलं वरचं कार्ड बघून हवं तर तळाला टाकायचं), आणि गॉब्लिन बॉम्बार्डमेंट आहे, जे एक क्रीचर सॅक करून १ डॅमेज देतं, तर एक गॉब्लिन दोन्हीकडे जाणार नाही, कुठेतरी एकीकडेच. आणि भरलेली कॉस्ट परत मिळत नाही, काहीही झालं तरी.

फॅनॅटिकवरून आठवलं. २००९ पर्यंत लढाईचं डॅमेजसुद्धा स्टॅकवर जायचं, म्हणजे फॅनॅटिक ब्लॉक करायचा, त्याचं डॅमेज स्टॅकवर गेलं की त्याला सॅक करायचा, मग लढाईचं १ आणि ॲबिलिटीचं १ असं दोन्ही मिळायचं. मॅजिक २०१० च्या नियमांनी ते बंद केलं, आता लढाईचं डॅमेज स्टॅकवर जातच नाही, एकतर लढा नाहीतर सॅक करा. त्या काळातले खेळाडू अजूनही सवयीने "डॅमेज स्टॅकवर" म्हणून जातात. मला स्वतःला नवीन नियम जास्त बरा वाटतो, फॅनॅटिक थोडा कमजोर झाला पण आता कधी सॅक करायचा याचा खरा निर्णय घ्यावा लागतो.

इथवर आपण म्हणत होतो की सोर्स गेला तरी ॲबिलिटी जात नाही. पण टार्गेट गेलं तर? पत्र निघालं पण पत्त्यावरचं घरच उरलं नाही, तर पत्र कुणाला देणार, आणि तिकिटाचे पैसेही परत नाहीत. रिझॉल्व्ह व्हायची वेळ आली की सगळ्यात आधी टार्गेट अजून चालतंय का ते बघितलं जातं. सगळीच टार्गेटं बाद झाली असतील तर ॲबिलिटी रिझॉल्व्हच होत नाही, तिच्यातलं काहीही होत नाही. खेळाडू याला फिझल म्हणतात, नियमांत पूर्वी "काउंटर झाली" म्हणायचे, २०१८ पासून सरळ "रिझॉल्व्ह होत नाही" असं म्हणतात. दोन टार्गेटं होती आणि एकच बाद झालं तर उरलेल्यावर जेवढं करता येईल तेवढं होतं.

टार्गेट बाद होणं म्हणजे मरणंच असं नाही. रॉयल असॅसिन घ्या, टॅप करा आणि टॅप झालेली एक क्रीचर नष्ट करा. तुमची क्रीचर हल्ला करून आडवी झालीय, असॅसिनने तिला टार्गेट केलं, तुम्ही रिस्पॉन्समध्ये तिला अनटॅप करणारं काहीतरी खेळलात, तर रिझॉल्व्ह होताना ती टॅप झालेली नाही, टार्गेट बाद, असॅसिन उगाच आडवा पडून राहिला. रिस्पॉन्समध्ये हेक्सप्रूफ, म्हणजे समोरच्याला टार्गेट करता न येणं, दिलं तरी तेच.

सोर्सबद्दल एक अडचणीची जागा आहे, ती नीट समजून घ्या कारण इथे चांगले चांगले चुकतात. ॲबिलिटी सोर्सशिवाय जगते खरी, पण तिचं कामच जर सोर्सवर काहीतरी करायचं असेल तर? वॉकिंग बॅलिस्टा बघा. त्याच्या दोन ॲबिलिटी आहेत, एक म्हणजे ४ मॅना द्या आणि त्याच्यावर +१/+१ काउंटर ठेवा, दुसरी म्हणजे एक +१/+१ काउंटर काढा आणि कुणालाही १ डॅमेज द्या. बॅलिस्टा स्वतः ०/० आहे, काउंटरवरच जगतो. समजा त्याच्यावर दोन काउंटर आहेत आणि समोरच्याने त्याला मारायला बोल्ट टाकला. तुम्ही ४ मॅना देऊन काउंटर चढवायला गेलात, त्याच्यावर समोरच्याने अजून एक बोल्ट टाकला, बॅलिस्टा मेला, मग तुमची ॲबिलिटी रिझॉल्व्ह झाली पण काउंटर ठेवायला बॅलिस्टाच नाही, काहीच झालं नाही. त्याऐवजी पहिल्या बोल्टलाच रिस्पॉन्स म्हणून दोन्ही काउंटर एकामागोमाग काढले असते तर? पहिला काढला, बॅलिस्टा १/१, अजून जिवंत, प्रायॉरिटी, म्हणजे काही करायची आपली संधी, न सोडता दुसरा काढला, बॅलिस्टा ०/०, मेला, पण दोन्ही ॲबिलिटी स्टॅकवर आहेत, दोन डॅमेज जाणारच, आणि बोल्टला टार्गेट उरलं नाही. एकाच कार्डाच्या दोन ॲबिलिटी, एक सोर्स गेल्यावर निरुपयोगी, दुसरी बिनघोर. उजवीकडच्या वाक्यात सोर्सचं स्वतःचं काही व्हायचं आहे का, एवढंच वाचायचं.

शिवन ड्रॅगनचंही तसंच, एक लाल मॅना द्या आणि त्याला टर्न संपेपर्यंत +१/+०. तीन मॅना असतील तर ती तीन वेगळी ॲक्टिव्हेशन. इथे माझा सल्ला असा की तिन्ही एकदम टाकू नका. एक टाका, रिझॉल्व्ह होऊ द्या, मग दुसरं. एकदम तिन्ही टाकलीत आणि समोरच्याने अनसमन मारून ड्रॅगन हातात परत पाठवला तर तिन्ही मॅना गेले, आणि तोच ड्रॅगन तुम्ही परत खेळलात तरी खेळाच्या दृष्टीने तो नवीन ड्रॅगन, जुन्या ॲबिलिटीचा त्याला काही उपयोग नाही. एकेक टाकलंत तर एकच मॅना जाईल, बाकीचे दोन दुसऱ्या कशाला तरी वापरता येतील. आणि हे ब्लॉकर ठरल्यावर करा, आधी केलंत तर समोरचा आकडा बघून ब्लॉक करणार.

हे शक्य होतं कारण स्टॅक एकदम रिकामा होत नाही. वरची एकच गोष्ट रिझॉल्व्ह होते, मग परत सगळ्यांना संधी मिळते, ज्याचा टर्न आहे त्याला आधी, मग दोघंही "पास" म्हणाले तरच त्याच्या खालची. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, ते सगळी चवड एका दमात उलटी करतात. मध्ये थांबता येतं, आणि त्या थांबण्यात नवीन काही टाकताही येतं.

पण एक गोष्ट रिझॉल्व्ह होत असताना तिच्या मध्येच थांबता येत नाही. उजवीकडचं वाक्य वरून खाली क्रमाने करत जायचं, जे टार्गेट नाही असे निर्णय तेव्हाच घ्यायचे. डेल्टा फोडताना कुठली जमीन आणणार हे आधी सांगायची गरज नाही, शोधताना ठरवायचं, आणि समोरच्याला ती बघून रिस्पॉन्स देता येत नाही, जमीन टेबलावर आलेली असते. जेवढं जमेल तेवढं करायचं, न जमणारं सोडायचं. रिझॉल्व्ह होताना काही ट्रिगर झालं तर ते थांबून राहतं, सगळं संपल्यावर मेलेल्या क्रीचर उचलायच्या, मग ते ट्रिगर स्टॅकवर ठेवायचे. आणि स्पेलचं कार्ड ग्रेव्हयार्डमध्ये जातं तसं ॲबिलिटीचं काही जात नाही, तिला कार्डच नसतं, ती नुसती संपते.

कार्ड नसतं म्हणूनच गोंधळ होतो खरं तर. बोल्ट टाकला की समोर कार्ड दिसतं, ॲबिलिटी दिसत नाही. मी भाच्याला एक रुपयाचं नाणं दिलं आणि सांगितलं, ॲबिलिटी ॲक्टिव्हेट केली की नाणं टार्गेटवर ठेवायचं आणि "रिस्पॉन्स?" असं विचारायचं, समोरचा "नाही" म्हणाला की नाणं उचलायचं आणि मग इफेक्ट करायचा. टिम मेला तरी नाणं एल्फवर तसंच पडलेलं दिसतं, मग "मारणार कोण" हा प्रश्नच पडत नाही. मोबाइलवर एरिना खेळणाऱ्यांना हे सगळं ॲप दाखवतं, फक्त तिथे तुम्ही काही टाकलंत की ॲप तुमच्या वतीने लगेच पास म्हणून टाकतं, बॅलिस्टाचे दोन्ही काउंटर एकामागोमाग काढायचे असतील तर आधी फुल कंट्रोल ही सेटिंग चालू करा.

मग अशी ॲबिलिटी थांबवायची कशी? काउंटरस्पेलने नाही, ते स्पेलसाठी आहे, ॲबिलिटी स्पेल नव्हे. स्टायफलने थांबते, एक निळा मॅना, एक ॲक्टिव्हेटेड किंवा ट्रिगर्ड ॲबिलिटी काउंटर करा, मॅना ॲबिलिटी सोडून. समोरच्याने पोल्यूटेड डेल्टा फोडली, लाइफ दिलं, जमीन सॅक झाली, आणि तुम्ही स्टायफल टाकलं, तर त्याची जमीनही गेली आणि नवीनही आली नाही, दुसऱ्याच टर्नला हे झालं तर तो डाव सावरणं अवघड असतं. पिदिंग नीडलचं काम वेगळं, ते टेबलावर येताना एका कार्डाचं नाव सांगायचं, मग त्या नावाच्या कार्डांच्या ॲक्टिव्हेटेड ॲबिलिटी कुणाला वापरताच येत नाहीत, मॅना ॲबिलिटी सोडून. पण आधीच स्टॅकवर असलेल्या ॲबिलिटीला नीडल काही करत नाही. म्हणून समोरच्याने नीडल खेळलं आणि ते अजून स्टॅकवर आहे तोवर तुम्हाला जे वापरायचं ते वापरून घ्या, ते टेबलावर आलं आणि नाव सांगितलं की मध्ये संधी नाही.

आता भाच्याला ज्या उदाहरणाने सगळं खरं समजलं ते सांगतो. तिसऱ्या डावात त्याने टिमला बॅसिलिस्क कॉलर हे आर्टिफॅक्ट घातलं. कॉलर म्हणजे डेथटच आणि लाइफलिंक, म्हणजे टिमचं एक डॅमेज कुठल्याही क्रीचरला पुरतं आणि वर त्याला एक लाइफ. टिम टॅप, टार्गेट माझा ५/५ शिवन ड्रॅगन. माझ्या हातात दोन कार्डं होती, बोल्ट आणि नॅचरलाइज, जे एखादं आर्टिफॅक्ट किंवा एन्चँटमेंट नष्ट करतं, आणि मॅना एकाच्याच पुरता. मी भाच्याला विचारलं, मी काय करावं सांग. तो म्हणाला, "बोल्ट मारून उपयोग नाही, टिम मेला तरी डॅमेज येणार." बरोबर. पण ते डॅमेज डेथटचचं असेल का? टिम टेबलावर नाही, मग खेळ बघतो की तो शेवटचा टेबलावर होता तेव्हा कसा होता, आणि तेव्हा त्याच्या गळ्यात कॉलर होतं. म्हणजे डेथटच आहे, ड्रॅगन मरणार, भाच्याला लाइफही मिळणार. आणि मी कॉलरच फोडलं तर? टिम जिवंत आहे, मग खेळ त्याच्याकडे आत्ता बघतो, आत्ता कॉलर नाही, डेथटच नाही, ड्रॅगनला नुसतं १ डॅमेज. भाचा दोन मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे टिमला जिवंत ठेवला तरच ड्रॅगन वाचतो." अगदी तेच. मी नॅचरलाइज टाकलं.

राहता राहिला प्रश्न की आपली ॲबिलिटी वापरायची कधी. टिमसारखी टॅपची ॲबिलिटी असेल तर आपल्या टर्नला घाई करू नका. समोरच्याचा टर्न संपत येईपर्यंत थांबा, त्याच्या एंड स्टेपमध्ये वापरा, लगेच आपला टर्न येतो आणि टिम परत उभा. तोवर सगळा वेळ तो उभाच असतो, समोरच्याला प्रत्येक १/१ खेळताना विचार करावा लागतो. समोरच्याकडे आयसी मॅनिप्युलेटर असेल, जे तुमची क्रीचर टॅप करून ठेवतं, तरी घाबरायचं नाही, त्याने टिमला टार्गेट केलं की रिस्पॉन्समध्ये तुम्हीच टिम टॅप करून १ डॅमेज देऊन टाका, आयसीची ॲबिलिटी मग आडव्या टिमला परत आडवा करायला येईल. इक्विप आणि प्लेन्सवॉकरला मात्र हे लागू नाही, त्या आपल्याच मेन फेजमध्ये, स्टॅक रिकामा असतानाच वापरता येतात. चौथ्या डावात भाच्याने तेच केलं, माझा टर्न संपतोय म्हटल्यावर "थांब मामा" म्हणाला, नाणं माझ्या एल्फवर ठेवलं आणि विचारलं, "रिस्पॉन्स?" माझ्या हातात काही नव्हतं.